आठ महिने, दोन हेडलॅम्प आणि काळी टेप

गेल्या दिवाळीच्या आधी एकासारखे एक दोन हेडलॅम्प घेतले, प्रत्येकी एकोणीसशे रुपयांना. एक पुतण्याला दिला. तो इन्फन्ट्रीत आहे आणि सध्या बराच वर, थंडीत आहे. कुठे ते विचारू नका. दुसरा माझ्या डोक्याला. मी चोवीस वर्षं पायदळात काढून माण तालुक्यात शेती करतोय, तरी रात्रपाळी काही सुटलेली नाही. शेतीपंपाची लाईट आठवड्याआड रात्रीची असते, मग कांद्याला दारं धरायला अंधारातच जायचं. ब्रँडचं नाव लिहीत नाही. याच धाटणीचे चार-पाच मिळतात: तीन बारीक ट्रिपल-ए सेल, पांढरा, लाल आणि हिरवा उजेड, वजन शंभर ग्रॅमच्या आत.

खरं तर हा दुसरा प्रयत्न. पहिला घेतला होता तो याच्यापेक्षा महागाचा, पाचशे ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप). त्याचं बटण दाबलं की आधी पांढरा झोत, मग मध्यम, मग बारीक आणि चौथ्या दाबाला लाल. दुकानात हे लक्षातच आलं नाही. पुतण्यानं हातात घेतला, एकदा दाबला आणि म्हणाला, "तात्या, हा लावला की मी डोंगरभर दिसणार. लाल येईपर्यंत काय राहिलं?" परत केला. आता कुणी विचारलं की पहिली गोष्ट हीच सांगतो: दुकानातला उजेड बंद करायला लावा, डोळे मिटून बटण दाबा आणि आधी कोणता रंग येतो ते बघा. सध्याच्या दिव्याला दोन बटणं आहेत. रंगाचं बटण वेगळं आणि पांढऱ्याचं वेगळं, शिवाय खोलगट. हातमोजे घातले तरी बोटाला फरक कळतो. कुलूपही आहे, दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून ठेवली की दिवा पेटतच नाही. पाठपिशवीत आपोआप पेटलेला दिवा काय घोळ घालतो ते ज्यानं भोगलंय त्याला या कुलपाची किंमत कळेल.

लाल का, हे पोरं नेहमी विचारतात. अंधाराला डोळे पुरते सरावायला जवळपास अर्धा तास लागतो आणि पांढरा झोत ती कमाई क्षणात घालवतो. अंधारात काम करणाऱ्या पेशींना 507 नॅनोमीटरच्या (उजेडाच्या तरंगलांबीचं माप, त्यावरून रंग ठरतो) आसपासचा निळसर हिरवा उजेड सगळ्यात चांगला दिसतो, 640 च्या पुढचा लाल जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे लाल उजेडात नकाशा बघितला तरी अंधाराची नजर शाबूत राहते. पण तो मंद असेल तरच. भगभगीत लाल लावून उपयोग नाही, आणि या दिव्याचा लाल सगळ्यात खालच्या पायरीलाही माझ्या मते गरजेपेक्षा दुप्पट आहे. त्याच्यावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवलाय.

नकाशाची गंमत वेगळीच. कॉलेजच्या एन.सी.सी. पोरांना अधूनमधून मॅप रीडिंग शिकवायला जातो. त्यांच्यासमोर सर्व्हे ऑफ इंडियाचं 1:50,000 चं शीट अंथरलं, खोलीतला दिवा घालवला आणि लाल लावला. रस्ते लालच छापलेले, ते गेले. तपकिरी समोच्च रेषा इतक्या पुसट झाल्या की एक पोरगी म्हणाली, "सर, डोंगर सपाट झाला." हिरवा लावल्यावर दोन्ही काळपट होऊन परत उठले. लाल शाईच्या बॉलपेननं लिहिलेलंही असंच गायब होतं. पुतण्याला हिरव्याचा दुसरा उपयोग सापडला तो जखम बांधताना. लाल उजेडात रक्त आणि पाणी सारखंच दिसतं, हिरव्यात रक्त काळं दिसतं.

आता लपण्याबद्दल. अमावास्येला धाकट्याला हेडलॅम्प घालून बांधावर उभं केलं आणि मी घराच्या स्लॅबवर बसलो. मधलं अंतर साधारण चारशे मीटर. त्यानं माझ्याकडे तोंड केलं की लाल ठिपका स्पष्ट दिसायचा. मान खाली घातली की ठिपका जायचा, पण कांद्याच्या पातीवर लालसर सावट राहायचं. तळहात आडवा धरला तर काहीच नाही. आणि तेवढ्यात, काहीच नसताना, दर काही सेकंदांनी एक बारीक हिरवा लुकलुका दिसायला लागला. मला आधी काजवा वाटला. डोक्यामागच्या बॅटरीच्या डबीवर एक इंडिकेटर आहे, सेल किती उरलेत ते सांगणारा. बनवणाऱ्यानं पुढचा दिवा लपवायची एवढी काळजी घेतली आणि मागे हे भूत बसवलं! त्याच रात्री काळी इन्सुलेशन टेप लावली आणि पुतण्यालाही फोन करून लावायला सांगितली.

दुसरा प्रयोग आमच्या सीसीटीव्हीसमोर. रात्री त्या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती मंद लाल ठिपके दिसतात, ते 850 नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे. 940 वाले डोळ्याला दिसतच नाहीत. मी लाल हेडलॅम्प लावून उभा राहिलो आणि नंतर रेकॉर्डिंग पाहिलं, तर डोक्यावर पांढराशुभ्र गोळा. नाईट व्हिजनच्या, म्हणजे अंधारात पाहायच्या दुर्बिणीच्या, नळीलाही लाल आणि त्याच्या पुढचं, 900 च्या आसपासपर्यंतचं दिसतं. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यावर ते यंत्र असेल तर आपला लाल दिवा म्हणजे टांगलेला कंदील. तिथे अगदी मंद हिरवा बरा, कारण आपल्या डोळ्याला तो फार थोडाही पुरतो. नाहीतर चादरीखाली. आमच्या वेळी काफिल्यातल्या गाड्यांना मागच्या डिफरन्शियलवर (मागच्या चाकांच्या मधल्या गोळ्यावर) पांढरा रंग आणि त्यावर एक मिणमिणता दिवा असायचा. मागचा ड्रायव्हर तेवढ्यावर नजर ठेवून गाडी हाकायचा. खाली तोंड, वरून झाकलेला, कामापुरता. त्याच्यापुढे हे सगळे रंग म्हणजे नखरेच.

सेलचा हिशोब मल्टिमीटर लावून केलाय. मंद लाल 9 मिलिअँपिअर खातो, पूर्ण पांढरा 240. माझे रिचार्जेबल सेल 800 मिलिअँपिअर-तासांचे. म्हणजे पांढरा तीन-साडेतीन तास आणि लाल जवळपास नव्वद. खोक्यावर मात्र पूर्ण पांढऱ्यापुढे तीस तास लिहिलंय. अमेरिकेच्या एफएल-1 मानकात दिवा सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात, म्हणजे शेवटचे कितीतरी तास तो नुसता मिणमिणत असतो. झोताचं अंतरही तसंच: जिथे 0.25 लक्स उरतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, तिथपर्यंतचे मीटर छापतात.

वर थंडीत साधे अल्कलाईन सेल लवकर मान टाकतात. पुतण्या डबी काढून जॅकेटच्या आत ठेवायचा, आता लिथियमचे वापरतो. ते उणे 40 पर्यंत चालतात आणि हलकेही असतात, फक्त महाग. यूएसबीनं चार्ज होणारा का घेतला नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं. जिथे प्लगच नाही तिथे सेल बदलणं एका मिनिटाचं काम. सौर पॅनेल असेल तर गोष्ट वेगळी, पण बर्फ पडला की तेही झाकतंच.

तक्रारी आहेत. इलॅस्टिक सहाव्या महिन्यात ढिलं पडलं, घामानं आणि पाण्यानं. सांधा मोकळा झाला, दिवा मान टाकतो. खोक्यावर आयपीएक्स-4 लिहिलंय, म्हणजे शिंतोडे सोसेल. मी एकदा पाटात पाडला तेव्हा आत पाणी गेलं आणि दोन दिवस तांदळात ठेवावा लागला. आणि शेतात लाल उजेडावर विसंबू नका. त्यात किडे कमी येतात हे खरं, पण पाचटात बसलेली घोणस मला लालमध्ये दिसलीच नव्हती. पांढरा लावला तेव्हा पाय तिच्यापासून हातभर होता.

एवढं असूनही पुन्हा हाच घेईन. परवा पुतण्याचा निरोप आला, त्याच्या सेक्शनमधल्या चौघांना हवेत. दुकानदाराला सांगून ठेवलंय. टेप मात्र मीच लावून पाठवणार आहे.