कांद्याचं सूप सातशे वीस रुपये : बीकेसीतल्या फ्रेंच हॉटेलांत नऊ महिने

आधीच सांगतो, मी खवय्या म्हणून तिकडं गेलो नव्हतो. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. माल फ्रान्सला जातो आणि तिथल्या गिऱ्हाइकाचं मुंबईतलं ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्यामुळं गेले नऊ महिने दर महिन्याला एक तरी चक्कर ठरलेली. सकाळी सहाची वंदे भारत, दादरला उतरून लोकलने कुर्ला, तिथून शेअर रिक्षा, की एकच्या सुमारास टेबलावर. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परत. त्या ऑफिसच्या मॅडम मूळच्या पुण्याच्या, पण बरीच वर्षं पॅरिसला काढलेल्या. सौद्याचं बोलणं जेवतानाच करायचं आणि जेवण फ्रेंचच, असा त्यांचा नेम. चार ठिकाणी आलटून पालटून दहा-अकरा जेवणं झाली. बिल एकदा त्यांचं, एकदा माझं, म्हणून भाव तोंडपाठ आहेत.

दुसरं म्हणजे आमचं घर लिंगायत. मी बाहेर अंडं खातो, त्यापुढं जात नाही. फ्रेंच हॉटेलात असा माणूस म्हणजे पंक्तीत उपासवाला बसल्यासारखा.

पहिल्या दिवशी मेनूतलं एकच नाव मला नीट कळलं, ते कांद्याचं सूप. तेच मागवलं. किंमत सातशे वीस. माझ्या सासऱ्यांचा मोहोळ तालुक्यात कांदा असतो. गाडी भरून सोलापूरला आणायची आणि विक्रीची पट्टी हातात पडेपर्यंत जीव मुठीत धरायचा, हे मी दरवर्षी बघतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे खर्च वजा जाता दोन रुपये राहिले आणि तेवढ्याचा चेक मिळाला, ती बातमी देशभर गाजली होती. मेनूकार्डावरचा आकडा वाचताना मला तो चेकच दिसला.

पण सूप आलं आणि मी गप्प झालो. मातीच्या छोट्या कुंड्यासारखं भांडं, वर चीज वितळून कडांवर ओघळलेलं आणि तिथंच करपलेलं. चमचा घातला की आधी चीज ताणतं, मग खाली भिजलेला पाव लागतो आणि त्याच्याखाली कांदा. गोड, पण साखरेसारखा नाही. सावकाश परतलेल्या कांद्याला जी गोडी येते ती. मॅडमनी सांगितलं, लोण्यात मंद आचेवर पाऊण-एक तास हलवत बसावं लागतं, घाई केली की करपतो आणि कडू होतो. तेव्हापासून माझं मोजमाप ठरलं. नवं हॉटेल असलं की पहिलं हेच सूप. एका ठिकाणी कांदा फिक्कट आणि रस्सा गोडमिट्ट, म्हणजे वेळ वाचवून साखर मारलेली. कांदा बघत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तिथं आम्ही परत गेलो नाही.

आणि इथंच मी फसलोही. तिसऱ्या खेपेला एका हॉटेलात कॅप्टनने माझं बोलणं ऐकलं. ‘सोलापूरकडचे का ओ तुम्ही?’ पोरगं निघालं माढ्याचं. मी सूप सांगितल्यावर घुटमळलं आणि हळूच म्हणालं, ‘काका, ह्यात चिकनचा स्टॉक असतोय. तुम्हाला चालतंय ना?’ आधीच्या दोन वाट्या आठवून माझ्या पोटात गोळा आला. स्टॉक म्हणजे हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी. मूळ फ्रेंच पद्धतीत हे सूप गाईबैलाच्या हाडांच्या स्टॉकमध्ये करतात. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी चिकन किंवा भाज्यांचा असतो, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. चूक माझीच, नावात कांदा आहे म्हणून मी गृहीत धरलं.

म्हणून शाकाहारी मंडळींनी तीन गोष्टी तोंड उघडून विचाराव्यात. सूपला स्टॉक कशाचा. चीज कुठलं, कारण ग्रुयेर आणि पार्मेजान पारंपरिक पद्धतीने वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या अर्काने विरजतात. आणि मूस नावाच्या गोड पदार्थात जिलेटिन (ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं) आहे का. चांगल्या हॉटेलात आत जाऊन विचारून येतात. ‘सर, ऑल व्हेज’ असं जागेवरच ठोकून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण मात्र सगळ्यात साधं आहे. लहानशी जागा, लाकडी टेबलं, आणि गॅलेट. गॅलेट म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं कुट्टूच्या पिठाचं मोठं पातळ धिरडं. मधे अंडं आणि चीज घालून चारी बाजू दुमडतात, की पिवळं तेवढं खिडकीतून डोकावल्यासारखं दिसतं. मुळात त्यात हॅम असतो, तो वगळून देतात. पहिल्या घासाला मी मॅडमना म्हणालो, हे तर आमच्या ज्वारीच्या धिरड्याचं चुलत भावंड. तोच भाजका, किंचित मातकट वास. कडा कुरकुरीत हव्यात; मऊ पडलेलं आलं तर बिनधास्त परत पाठवा. पोट भरून साडेपाचशेत जेवण होतं, बीकेसीत ह्याहून स्वस्तात काय मिळतं?

रातातुईबद्दल फार बोलत नाही. वांगी, टोमॅटो, ढब्बू मिरची, झुकिनी. बरी लागते. पण बार्शीकडच्या भरताची सर नाही, आणि वांग्याला नऊशे रुपये मी एकदाच दिले.

पावाचं मात्र बोलायला हवं. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर पावाची टोपली येतेच, तिचे पैसे नसतात, असं मॅडम सांगतात. इथं एका ठिकाणी न मागता टोपली ठेवली आणि बिलात साडेतीनशे लावले. त्याच बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्जही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. मी काढायला सांगितला, काढला. तोंड वाकडं झालं, होऊ दे. पाणीही ‘साधं’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर बाटली फुटलीच म्हणून समजा.

रात्री फक्त दोनदा जेवलो. सांगण्यासारखं एवढंच की त्याच स्वयंपाकघरातलं तेच जेवण दुपारच्या सेट मेनूत निम्म्याच्या आसपास पडतं. पण दुपारी बीकेसीतल्या लोकांना घाई फार. शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडा, कार्ड गळ्यात, आणि हॉटेलवालेही सूपची वाटी संपायच्या आत पुढची ताटली आणून टेकवतात. आम्ही आता बसल्याबसल्या सांगून टाकतो, सावकाश आणा. सुफ्ले, म्हणजे अंड्याचा फुगवून भाजलेला पदार्थ, हवं असेल तर तेही सुरुवातीलाच सांगायचं. भट्टीत त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि टेबलावर आलं की दोन मिनिटांत खाली बसतं, फोटो काढत बसू नका. क्रेम ब्रुले, म्हणजे वर साखर जाळलेलं कस्टर्ड, बरोबर झालंय की नाही हे बघायची खूण सोपी आहे: वरचा साखरेचा पापुद्रा चमच्याने टक् वाजून फुटला पाहिजे आणि आतलं गार पाहिजे.

एक धंद्याची खोड. हात धुवायला गेलो की मी तिथला टॉवेल उलटून बघतो. एवढ्या थाटाच्या हॉटेलात हलक्या जीएसएमचा, म्हणजे वजनाला कमी आणि पातळ, कडेचे धागे सुटलेला माल लटकलेला बघून जीव तुटतो. सातशे वीसच्या सूपनंतर हात त्याला पुसायचे!

गेल्या महिन्यात सूप घरी केलं. लोखंडी कढई, लोणी, सव्वा किलो कांदा. बायको म्हणाली, ‘अहो, गॅस किती जाळताय?’ तासाभराने कांदा गुळासारखा तांबूस झाला आणि कढईच्या तळाला मूठभर उरला. भाज्यांचं पाणी घातलं, पावाऐवजी कडक भाकरीचे तुकडे, वर बाजारातलं साधं चीज. चार वाट्या झाल्या. सासरे आले होते. त्यांनी वरून शेंगाची चटणी भुरभुरली, वाटी संपवली आणि विचारलं, ‘कांदा किती लागला?’

‘सव्वा किलो.’

‘चार वाट्याला सव्वा किलो?’ क्षणभर हिशेब केला. ‘मग टॉवेल कशाला पाठवतायसा तिकडं, जावईबापू? कांदाच पाठवा की.’