चावीचं क्रोनोग्राफ: सोलापूरच्या उन्हात आणि मागांच्या खडखडाटात

दसऱ्याला घेतलेलं हे घड्याळ उन्हाळा आणि निम्मा पावसाळा काढून आजही रोज मनगटावर आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण चावीचं यंत्र, ॲक्रिलिकची (प्लास्टिकची) काच आणि कडेला दोन बटणं असलेली क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेली घड्याळं, बरेच जण बनवतात. मला सांगायचंय ते या जातीबद्दल.

चंद्रावर गेलेलं ओमेगा स्पीडमास्टर याच जातीचं. मला त्यातलं सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की ते अवकाशासाठी घडवलेलंच नव्हतं. १९५७ साली आलं ते मोटारशर्यतींच्या लोकांसाठी. १९६२ मध्ये अंतराळवीर वॉली शिरा स्वतःचं स्पीडमास्टर घालून पृथ्वीभोवती फिरून आले. पुढे नासाने बाजारातलीच घड्याळं आणून त्यांचे अक्षरशः हाल केले. ७१ अंशांत दोन दिवस, लगेच ९३ अंशांत अर्धा तास, उणे १८ अंशांत चार तास, शिवाय निर्वात पोकळी, धक्के, कंपनं, १३० डेसिबलचा आवाज. टिकलं एकटं स्पीडमास्टर. १ मार्च १९६५ ला त्याला मान्यता मिळाली.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या मागांची देखभाल बघतो. मे महिन्यात पत्र्याखाली जीव नकोसा होतो, आणि माग सुरू झाले की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. घड्याळ तिथे एकदाही थांबलं नाही. दिवसाला आठ-दहा सेकंद पुढे जातं, कडक उन्हाळ्यात थोडं जास्त. स्वस्तातलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरचं घड्याळ, याहून अचूक चालतं, हे खरंच आहे. पण मिनिटाला किती पिक (आडवे धागे) पडतात ते मोजायला तेलकट हातांनी दाबता येणारं बटण मला फोनपेक्षा कितीतरी बरं वाटतं. अवकाशातही असंच मोजलं गेलंय: १९७० मध्ये अपोलो १३ च्या यानाची दिशा सुधारायला इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं, तेव्हा अंतराळवीर जॅक स्विगर्ट यांनी ती वेळ मनगटावरच्या घड्याळावर मोजली.

काचेवर ओरखडे फार लवकर पडतात. नव्या पेठेतले घड्याळजी पेस्ट लावून घासून देतात, की पुन्हा लख्ख. खनिज काच का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. अवकाशात ती फुटली तर वजनरहित केबिनमध्ये तुकडे तरंगत डोळ्यांत, श्वासात जातील. ॲक्रिलिकचा तसा चुरा होत नाही. अर्थात तीही निखळू शकते. अपोलो १५ वर डेव्ह स्कॉट यांच्या घड्याळाची काच चंद्रावरच निघाली, आणि शेवटच्या फेरीला त्यांनी सोबतचं बुलोव्हा कंपनीचं घड्याळ घातलं.

रोज सकाळी चावी द्यावी लागते. मला त्याचा त्रास नाही, पण ‘अवकाशात ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं घड्याळ) चालतच नाही’ म्हणून हे घेऊ नका. अंतराळवीर विल्यम पोग यांचं सेको कंपनीचं ऑटोमॅटिक १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अवकाशस्थानकावर ८४ दिवस राहून आलं. हात हलला की रोटर (चावी भरणारं आतलं फिरतं वजन) जडत्वामुळे फिरतो, गुरुत्व नसलं तरी.

पाण्याबाबत मात्र सांभाळा. होटगी रोडला पावसात भिजल्यावर काचेच्या आत वाफ धरली आणि घड्याळ उघडून सुकवावं लागलं. गाडीवर रोज भिजणाऱ्यांनी हे घेऊ नये. बाकीच्यांनी आधी आपल्या गावात क्रोनोग्राफ उघडून दुरुस्त करणारा माणूस आहे का ते विचारावं, मगच पैसे द्यावेत.