आत्मकथन की कादंबरी? घरातलं दुःख लिहायला घेताना

वडिलांचं व्यसन, आईचं लांबलेलं आजारपण, भावंडांत पडलेलं वैर. असलं काही लिहायचं मनात आलं की खरी नावं घालून ‘मी’ म्हणून लिहावं की कादंबरी करावी, हा प्रश्न आधी धैर्याचा वाटतो. माझ्या मते ही निवड धैर्यावर करूच नये. घडलेल्यातलं किती तुम्हाला ठाऊक आहे आणि किती नाही, ते बघावं.

कादंबरीचा आडोसा तसाही तकलादू. नातेवाईक पुस्तक उघडतात ते स्वतःला शोधायलाच, आणि ज्या पात्राशी काडीचा संबंध नाही त्यातही काकूंना आपण दिसतो. कायदाही फारसा वेगळा नाही. नाव बदललं तरी माणूस ओळखू येत असेल तर बऱ्याच देशांत कादंबरीवरही बदनामीचा दावा लागू शकतो.

आत्मकथनाचं सगळं बळ ‘हे घडलं’ यात असतं. अशक्य वाटणारा योगायोगही वाचक मुकाट्याने मान्य करतो. तोच कादंबरीत आला की लेखकाने आपली सोय बघितली असं वाटतं. पण अटी कडक. बंद दाराआड आईवडील काय बोलले हे तुम्ही ऐकलं नसेल, तर तो संवाद रचता येत नाही. दुसऱ्या दिवशी आई कुणाशी बोलली नाही, एवढंच लिहिता येतं. त्याच रात्रीबद्दल बहिणीला वेगळं आठवत असेल तर तेही लपवू नये. ‘ती म्हणते, वडील घरी नव्हतेच’ हे वाक्य तसंच राहू द्यावं, त्याने भरवसा वाढतो. सगळ्यांची झाडाझडती घेणारा आणि स्वतः मात्र नुसता सोसत राहणारा ‘मी’ थोड्याच पानांत संशयास्पद वाटायला लागतो.

वडील आता नाहीत, किंवा आहेत पण बोलणार नाहीत, आणि तुम्हाला तर त्यांच्याच डोक्यात शिरायचंय? मग कादंबरी. तिथे तीन मावश्यांची एक करता येते, शेवट बदलता येतो. (आत्मकथनात अशी जोडाजोड केली असेल तर वाचकाला सुरुवातीलाच सांगावं.) मात्र ‘पण हे खरंच असं झालं होतं’ हा बचाव इथे चालत नाही. घडलेल्यापासून तसूभरही हलवत नसेल तर कादंबरीच्या वाटेला जाऊ नका.

काहीच न छापणं, फक्त स्वतःपुरतं वहीत लिहिणं, हाही पर्याय आहे, आणि मी सुरुवात तिथून करायला सांगेन. 1986 साली मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी 46 विद्यार्थ्यांना चार दिवस रोज 15 मिनिटं लिहायला लावलं. क्लेशदायक घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच तर जास्तच वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्र हिशोब केला तेव्हा फायदा दिसला, पण लहान. तेव्हा हा काही उपचार नव्हे. एखादा विषय झेपत नसेल तर तो सोडून दुसरा घ्यावा, असं पेनेबेकरही सांगत आले आहेत.

माझा सल्ला ऐकायचा तर या खासगी वहीत काही आठवडे लिहा आणि हात कुठे वळतो ते बघा. जुनी पत्रं, तारखा, दवाखान्याची कागदपत्रं शोधावीशी वाटली तर तुमचं आत्मकथन आहे. पुन्हा पुन्हा ‘तिला तेव्हा काय वाटलं असेल’ इथेच येऊन अडलात, तर कादंबरी.

घरच्यांना दाखवायचं का? आत्मकथन असेल तर ज्यांचा त्यात मोठा भाग आहे त्यांना छापण्याआधी दाखवावं, पण खर्डा पुरा झाल्यावरच. अर्धवट मजकूर दाखवला की लिहिणं तिथेच थांबतं. तपशिलातल्या चुका विचाराव्यात, परवानगी मागू नये. अपवाद लहान मुलांचा. त्यांच्या आयुष्यातलं नाजूक काही असेल तर ती ‘नको’ म्हणण्याएवढी मोठी होईपर्यंत तो भाग बाहेर ठेवावा.