फंक्शनच्या पॅरामीटरवर लिहिलेली लांबी: कुठे पाळली जाते, कुठे नाही

डेटाबेसमध्ये शहराचं नाव घेणारं एक छोटं फंक्शन (बोलावलं की चालणारा कोड) आहे, त्याच्या पॅरामीटरची, म्हणजे नाव ज्यातून आत जातं त्या जागेची, लांबी १०. 'औरंगाबाद' त्यात आरामात बसायचं. काना आणि अनुस्वार वेगळे मोजले तरी ८ चिन्हं. २०२३ मध्ये शहर 'छत्रपती संभाजीनगर' झालं आणि मोजणी गेली १७ वर. हे नाव त्याच फंक्शनला दिलं तर काय होईल, हे डेटाबेस कोणता यावर ठरतं.

सगळ्यात धोक्याचा मला एसक्यूएल सर्व्हर वाटतो. एनव्हारचार(१०), म्हणजे १० चिन्हांपर्यंतच्या मजकुराचा पॅरामीटर, नाव आत घेतानाच कापतो. फंक्शनला मिळतं 'छत्रपती सं'. एरर नाही, वॉर्निंगही नाही. हेच नाव थेट १० च्या कॉलममध्ये घालायला गेलात तर सर्व्हर अडवतो. पण प्रोसिजरमार्गे (फंक्शनसारखाच साठवलेला कोड) गेलं की ते आधीच कापलेलं असतं, त्यामुळे टेबल बिनतक्रार घेतं. पॅरामीटरची लांबी लिहायचीच राहिली, तर ती १ धरली जाते आणि हाती उरतो नुसता 'छ'.

पोस्टग्रेसचं बरोबर उलट. व्हारचार(१०) लिहिलं तरी कंसातला आकडा टाकून दिला जातो आणि १७ च्या १७ चिन्हं आत येतात. रिटर्न टाइपचंही (फंक्शन जे परत देतं त्याच्या प्रकाराचं) तेच. डेटा शाबूत राहतो, पण कोड वाचणाऱ्याची फसगत होते. फंक्शनच्या आत डिक्लेअर केलेलं व्हारचार(१०) व्हेरिएबल मात्र एरर देतं, आणि व्हारचार(१०) मध्ये कास्ट केलं (मुद्दाम त्या प्रकारात बदललं) तर नाव गुपचूप कापलं जातं. मर्यादा खरंच हवी असेल तर टेक्स्टवर लांबीचा चेक लावून डोमेन (अट जोडलेला स्वतःचा टाइप) बनवा आणि पॅरामीटरला तो टाइप द्या.

ओरॅकल पॅरामीटरला लांबी लिहूच देत नाही. कोड कंपाइल होत नाही. आतल्या व्हेरिएबलमध्ये नाव मावलं नाही तर ओरा-०६५०२ ही एरर. मराठीसाठी खरी अडचण वेगळी आहे: व्हारचार२(१०) म्हणजे डीफॉल्टने १० बाइट. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे जुनं 'औरंगाबाद'सुद्धा २४ बाइटचं. आकड्यापुढे 'CHAR' (म्हणजे मोजणी चिन्हांची) लिहायला विसरू नका.

मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुकीचा डेटा अडवणारी सेटिंग) एरर देतो, एरवी कापून वॉर्निंग. पॅरामीटरसाठी बोलावणाऱ्याचा मोड चालतो. फंक्शन बनवताना जो मोड चालू होता तो त्याच्यासोबत साठवला जातो, पण तो फक्त आतल्या कोडला लागू होतो. त्यामुळे सर्व्हर आज स्ट्रिक्ट केला तरी स्ट्रिक्ट नसताना बनवलेली जुनी फंक्शनं पुन्हा बनवेपर्यंत आतल्या व्हेरिएबलमध्ये कापतच राहतात.

नवं काम असेल, नावं-पत्ते मराठीत असतील, तर मी पोस्टग्रेस घेईन: मोजणी बाइटची नाही, चिन्हांची, आणि पॅरामीटरवर काही हरवत नाही. एसक्यूएल सर्व्हर आधीपासून गळ्यात असेल तर प्रोसिजरचा पॅरामीटर एनव्हारचार(मॅक्स), म्हणजे शक्य तितका लांब, ठेवा, पहिल्याच ओळीत लांबी तपासा आणि जास्त भरली तर स्वतः एरर फेका.