डीअँडडी बियाँड की पाथबिल्डर?

पहिल्यांदाच डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे आपापलं पात्र घेऊन फाशांच्या मदतीने गोष्ट रंगवायचा खेळ, खेळणार असाल तर पात्र बनवायला डीअँडडी बियाँड हे संकेतस्थळ बरं. एकेक पायरी दाखवत ते पात्र उभं करतं. चपळाई 14 ची 16 केली की फाशात मिळवायचा बोनस आपोआप +2 चा +3 होतो, फासेही स्क्रीनवरच पडतात. पण फुकट खात्यात पात्रं सहाच, आणि बरेचसे उपवर्ग (योद्धा, जादूगार अशा वर्गांचे पोटप्रकार) विकत घेतल्यावरच उघडतात.

पाथबिल्डर 2ई हे पात्र बनवायचं ॲप पाथफाइंडर या तशाच एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी. दिसायला बँकेच्या फॉर्मइतकंच रुक्ष! मात्र त्या खेळाचे नियम खुल्या परवान्याखाली असल्याने बहुतेक सगळे पर्याय फुकटात मिळतात. पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंतची फीट्स (पात्राची खास कौशल्यं) आधीच आखून ठेवता येतात. मला तर कधीकधी खेळापेक्षा यातच जास्त मजा येते. अँड्रॉइडवर पात्रासोबत पाळीव प्राणी हवा असेल तर थोडे पैसे पडतात, तेही एकदाच.