हॉर्स वॉकर घ्यायचा तर बांधीव की मोकळा?

हॉर्स वॉकर म्हणजे घोड्यांना गोलात चालवून व्यायाम देणारं यंत्र. तो घ्यायचाच, हे ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी लिहितोय. बारामतीकडच्या आमच्या पागेत सहा मारवाडी घोड्या आहेत. पहिली चार वर्षं बांधीव वॉकर वापरला, गेली तीन वर्षं मोकळा आहे. बांधीव म्हणजे मधल्या खांबापासून निघालेल्या लोखंडी हातांना घोडा मोरखीने (तोंडाभोवतीच्या दोरीने) बांधायचा आणि हात फिरेल तसं त्याने मागून चालायचं. मोकळा म्हणजे दोन गोल कुंपणांमधली गल्ली, वरून सोडलेल्या जाळ्या आणि दोन जाळ्यांच्या मध्ये घोडा सुटा.

बांधीवचे फायदे आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. तो स्वस्त पडतो. कुंपण आणि जमीन धरून आम्हाला मोकळ्याला जवळपास तिप्पट खर्च आला. बिघडला तर गावातला वेल्डर आणि मोटार वाइंडिंगवाला मिळून दिवसात उभा करून देतात. घोडा चारही बाजूंनी दिसतो, त्यामुळे किंचित लंगडला तरी लगेच नजरेत येतं. हे शेवटचं मला अजूनही आवडतं.

मग बदलला का? दिशेपायी.

आमचा बांधीव बारा मीटर व्यासाचा होता, म्हणजे एक फेरा साधारण 38 मीटरचा. घोडा ताशी सहा किलोमीटरने चालला तर चाळीस मिनिटांत शंभराच्या वर फेरे होतात, आणि ते सगळे डावीकडे वळत. अर्ध्यावर दिशा बदलायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बांधीवमध्ये त्यासाठी यंत्र थांबवायचं, एकेक घोडी सोडायची, फिरवायची, पुन्हा बांधायची. सकाळी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, एकटा असतो. लीद काढायची असते, खरारा असतो, दाण्याची वेळ झालेली असते. मी रोज सांगायचो आणि रोज ते राहून जायचं. त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तरी राहिलंच असतं.

एकदा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेल्या आमच्या कस्तुरी घोडीचे पुढचे दोन्ही नाल नालबंदाने काढून माझ्यासमोर ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. उजवा सारखा झिजलेला होता. डाव्याची बाहेरची कड इतकी पातळ झाली होती की बोटाला लागत होती. "मालक, ही रोज एकाच अंगाला फिरती का?" त्याने विचारलं. त्या संध्याकाळी मी तिच्या डाव्या पायाच्या टापेवरच्या सांध्यावर तळवा ठेवला. उजव्यापेक्षा तो कोमट लागला. पुढचे आठ दिवस रोज ठेवून पाहिला. वॉकर झाला की कोमट, सुट्टीच्या दिवशी गार.

गोलात चालताना आतल्या पायावर वजन तिरपं येतं आणि टाप जमिनीवर असतानाच थोडी पिळली जाते. हा सांधा पुढे-मागे दुमडण्यासाठी आहे, पिळण्यासाठी नाही. त्यात बांधीवमध्ये मोरखी डोकं आत ओढते, म्हणजे मान आत आणि पुठ्ठे बाहेर. माझ्याकडे काही मोजमाप नाही, तळहाताचाच हिशेब आहे. पण माझ्यासाठी तेवढा पुरला.

मोकळ्यात बटण दाबलं की यंत्र थांबतं आणि उलटं फिरू लागतं. घोड्या आपल्या आपण वळतात. आमच्या आठवड्याभरात शिकल्या. फक्त थांबणं आणि उलटं सुरू होणं यात अर्धा मिनिट तरी जाऊ द्यावा, नाहीतर मागची जाळी वळत्या घोडीच्या अंगावर येते. आणि सोपं आहे म्हणून दर पाच मिनिटांनी दिशा बदलू नये. जागच्या जागी वळणंही सांध्याला जडच. आम्ही अर्ध्या तासात एकदाच बदलतो.

मोकळ्यातही खोड्या आहेत. आळशी घोडी जाळीला पुठ्ठा टेकवून रेंगाळते, एखादी लाथ घालते. नवी घोडी पहिले दोन-चार दिवस एकटी सोडलेली बरी.

दोन्ही प्रकारांत लाइटचा प्रश्न मात्र सारखाच. लाइट जाते, येते आणि मोटार एकदम झटका घेऊन उठते. त्या झटक्याने घोडी मागच्या पायांवर बसते आणि दुखतो तो मागचा सांधा. वेग हळूहळू चढवणारा ड्राइव्ह बसवून घ्या, आणि लाइट आल्यावर कुणी बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही एवढी सोय वायरमनकडून करून घ्या.

पैसे उरले तर ते व्यासावर घाला, असं मी सुचवेन. अठरा मीटरमध्ये फेरा साधारण 56 मीटरचा होतो. तीन किलोमीटरला जिथे बारा मीटरमध्ये ऐंशीच्या आसपास फेरे लागतात, तिथे 53-54 मध्ये भागतं आणि वळणही सौम्य. जमिनीला धुमस केलेला मुरूम आणि वर चार बोटं वाळू आम्हाला मानवली. वाळू जास्त झाली की नसा ताणतात. टापांनी मधे चर पडतो, तो दर आठवड्याला ओढून सपाट करावा लागतो.

दोन वर्षांच्या आतली शिंगरं आम्ही कोणत्याच वॉकरवर घालत नाही, गुडघ्याच्या वरचं हाड अजून वाढत असतं. दुखण्यातून उठलेली घोडी मोतद्दाराच्या हाताने बांधावरून सरळ रेषेतच चालते.

एक-दोनच घोडे असतील आणि माणूस शेजारी उभा राहणार असेल, तर बांधीवमध्ये भागेल. त्याहून जास्त असतील तर माझा कल तुम्हाला कळलाच असेल. कुठेही यंत्र पाहायला गेलात तर ते दिशा बदलतानाच पाहा. यंत्र थांबलं की घोडे कान पुढे ठेवून वळतात की मागे टाकून, ते बघा. आमची कस्तुरी आता जाळी थांबायच्या आधीच वळायला लागते, आणि मागच्या वेळी नालबंदाने तिचे दोन्ही नाल न बोलता एकाच पिशवीत टाकले.