किनारी रस्त्याची सहल आखताना गूगल मॅप्स: उपयोगी, पण घाईचा

समुद्राला लागून जाणाऱ्या रस्त्याने मोटारीची सहल आखायची झाली, की बहुतेकांचा हात आधी गूगल मॅप्सकडे जातो. अंतरे मोजणे, मुक्कामाच्या जागा हेरणे, वाटेतले पेट्रोल पंप पाहून ठेवणे या कामांत त्याला तोड नाही. मात्र ही सेवा मुळात लवकर पोहोचवण्यासाठी घडवलेली आहे, आणि किनाऱ्याने निघालेल्याला पोहोचण्याची घाई नसते.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, सुमारे 2,500 किलोमीटर लांबीचा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ भूशिरांना वळसे घालत जातो. पण त्यावरची दोन मोठी गावे नकाशात भरली, की बहुधा आतल्या भागातला जवळचा रस्ता पुढे केला जातो आणि ज्याच्यासाठी निघायचे तो किनारा बाजूलाच राहतो. ‘हायवे टाळा’ हा पर्याय निवडूनही फारसे साधत नाही, कारण महामार्ग टळला म्हणजे समुद्र जवळ आला असे होत नाही. त्यापेक्षा संगणकावर मार्गाची निळी रेघ माउसने धरून किनाऱ्याकडे ओढावी. रेघ सरकली की अंतर आणि वेळ तिथल्या तिथे बदलतात, आणि एखादा वळसा अर्ध्या तासाचा आहे की अर्ध्या दिवसाचा, हे निघण्याआधीच समजते. आखणीच्या टप्प्यावर ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. तरीही असा ओढलेला मार्ग फोनवर जसाच्या तसा उतरेल हे गृहीत धरू नये. त्या वळशावरचे एखादे गाव किंवा दीपगृह रीतसर थांबा म्हणून नोंदवावे. एका मार्गात 9 थांबेच बसत असल्यामुळे दर दिवसाचा मार्ग वेगळा करावा लागतो, जे एरवीही शहाणपणाचेच आहे.

कोणत्या टोकाकडून निघावे, हा प्रश्न मात्र नकाशाला पडतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या 243 किलोमीटरच्या ‘ग्रेट ओशन रोड’वर टॉर्कीहून पश्चिमेकडे निघाले, तर वाहने डावीकडून चालत असल्याने समुद्र आपल्याच बाजूला येतो आणि समोरून येणारी रांग न छेदता पाहणी-थांब्यावर गाडी वळवता येते. त्याच दिशेने संध्याकाळी गाडी हाकणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट ऊन येते. म्हणजे दिशा ठरली तरी दिवसाचे वेळापत्रक सूर्याकडे पाहून बसवावे लागते, आणि ते काम आपल्यालाच करावे लागते. मी असल्या मार्गांवर दाखवलेल्या वेळेत निदान एक तृतीयांश भर घालतो. दाखवलेला वेळ चाकांचा असतो, कठड्याशी उभे राहून लाटा पाहण्याचा नव्हे.

समुद्राचे स्वतःचे वेळापत्रकही या नकाशात सापडत नाही. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटाकडे जाणारा रस्ता भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो, म्हणून तिथल्या प्रशासनाने जाहीर केलेल्या सुरक्षित वेळा पाहूनच तो ओलांडायचा असतो. नकाशावर मात्र तो इतर रस्त्यांसारखीच एक रेघ आहे. भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी पुन्हा येत असल्याने वेळा रोज पुढे सरकतात आणि कालची वेळ आज लागू पडत नाही. पुळणीवर चालायचे असेल, किंवा ओहोटीलाच उघडी पडणारी गुहा पाहायची असेल, तरी भरती-ओहोटीचे कोष्टक हाताशी हवेच.

दरडींचेही तसेच आहे. कॅलिफोर्नियाच्या बिग सरजवळ मे 2017 मध्ये डोंगर खचून हायवे 1 बंद पडला, तो जुलै 2018 मध्ये खुला झाला. एकीकडे कडा आणि दुसरीकडे समुद्र असलेल्या रस्त्याला जवळपास पर्यायी वाट क्वचितच असते, त्यामुळे एक दरड पुष्कळ मोठा फेरा घडवते. बंद रस्त्यांच्या खुणा गूगल मॅप्स दाखवतो, पण काही आठवड्यांनंतरच्या प्रवासासाठी रस्त्याची देखभाल करणाऱ्या खात्याच्या सूचना वाचणेच योग्य.

ऑफलाइन नकाशाची सोय चोख आहे. कड्यांच्या आडोशाला मोबाइलची रेंज जाते, तिथेही मार्गदर्शन चालू राहते; केवळ वाहतुकीची ताजी स्थिती आणि पर्यायी मार्ग मिळत नाहीत. परिसर निवडताना किनाऱ्याची अरुंद पट्टी न घेता आतला भागही उतरवून घ्यावा, कारण रस्ता बंद निघाला तर परतीची वाट तिकडूनच असते.